उघड्या दाराचा पिंजरा

“बाबा, एक क्रेट पाठवतेय. उद्या-परवा पोचेल,” बंगळूरहून मुलीचा फोन आला तेव्हा ही टोमॅटो पाठवते आहे की काय, असेच मला वाटले. आम्ही नाशिककर. क्रेट म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीचे आवार उभे राहते. एकावर एक रचलेली प्लॅस्टिकची जाळीदार खोकी आणि प्रत्येकात वीस किलो टोमॅटो. त्या खोक्याला काय भाव फुटतो, यावर आमच्या जिल्ह्यातल्या कित्येक घरांची दिवाळी ठरते. मी तिला म्हटले, “अगं, नाशिकला टोमॅटो कशाला धाडतेस?” ती हसली. “बाबा, चिंगीसाठी आहे. तिला झोपायला.”

दोन दिवसांनी कुरिअरवाल्याने दारात जे आणून टाकले, ते उलगडून उभे केल्यावर त्याला मराठीत एकच नाव होते. पिंजरा. काळ्या तारेची जाळी, तळाशी सरकता ट्रे, पुढे दार आणि दाराला खिट्टी. हिने कमरेवर हात ठेवून त्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि निकाल दिला. “अहो, ती काय पोपट आहे? का सर्कशीतली वाघीण? पावसातून उचलून आणलं लेकराला, ते पिंजऱ्यात घालायला?”

चिंगी म्हणजे आमच्या रो-हाऊसच्या मागच्या गटाराशी २०२३ च्या ऑगस्टमध्ये, भर पावसात कुडकुडत सापडलेले गावठी पिल्लू. वय असेल दोन महिन्यांचे. घरात येऊन तिला आठवडाही झाला नव्हता आणि तेवढ्यात तिने माझी एक चप्पल, हिच्या पोथीचे वेष्टण आणि फोनची तार एवढ्यांचा फडशा पाडला होता. फरशी कुठे आणि केव्हा ओली असेल, याचा भरवसा उरला नव्हता.

पण पिंजरा? हिचे म्हणणे मला पटले नाही, असे नव्हे. तरीही मी काही बोललो नाही. मी का गप्प बसलो ते हिलाही कळले असावे, कारण तीही मग काही बोलली नाही. आम्हा दोघांनाही त्या क्षणी बंड्या आठवला होता.

बंड्या आमचा आधीचा कुत्रा. तोही गावठीच, रंगाने भाकरीच्या पापुद्र्यासारखा. त्याला आम्ही कधी साखळी घातली नाही. ओट्यावर झोपायचा, फाटक उघडे असायचे, मनात येईल तेव्हा गल्लीत फेरी मारून यायचा. ‘आमचा बंड्या स्वतंत्र आहे,’ असे मी कौतुकाने सांगत असे. २०१३ साली त्या स्वातंत्र्यात एक दुचाकी आडवी आली. मागच्या डाव्या पायाचे मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया करून पट्टी आणि स्क्रू घालून ते जोडले गेले आणि डॉक्टरांनी बजावले, “सहा आठवडे याला पिंजऱ्यात ठेवायचं. शी-शूपुरतं पट्ट्याला धरून बाहेर, की परत आत. उडी नाही, पळणं नाही, जिना नाही. हाड जुळायचं तर हाच उपाय.”

फॅब्रिकेशनवाल्याकडून मी लोखंडी अँगल आणि जाळीचा पिंजरा करून घेतला. चार वर्षांत ज्याने बंद दार पाहिले नव्हते, त्याला टाके ओले असताना त्यात घातले आणि खिट्टी लावली. त्या रात्री बंड्या रडला, असे म्हणणे म्हणजे फार सौम्य शब्द वापरणे झाले. त्याने जाळी चावली. वरचा एक सुळा तुटला. पंजे रक्ताळले. शेजाऱ्यांच्या घरातले दिवे लागले. पहाटे तीनला माझा धीर सुटला. मला दया आली आणि मी खिट्टी काढली. तो तीरासारखा बाहेर पडला आणि ओट्यावरून त्याने खाली उडी घेतली.

हाडातली पट्टी वाकली. जखम चिघळली. शेवटी पाय काढावा लागला. पुढे चार वर्षे बंड्या तीन पायांवर जगला आणि आनंदाने जगला, कारण कुत्री आपल्यासारखी हिशोब मांडून बसत नाहीत. हिशोब मांडत बसलो तो मी. टाके काढताना डॉक्टर एवढेच म्हणाले होते, “हाड नीट बसलं होतं हो. बंद जागेत शांत पडून राहायला त्याला कोणी शिकवलंच नव्हतं.” ते वाक्य मला त्यांनी लावलेला दोष वाटला नाही. दोष असता तर बरे झाले असते, निदान वाद घालता आला असता.

म्हणून मुलीने पाठवलेला पिंजरा मी परत केला नाही. मात्र या वेळी पिंजरा आधी आणि गरज नंतर, असा क्रम ठरवला. चिंगीला पाहणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाईंकडून सगळे नीट समजून घेतले. त्या म्हणाल्या, “काका, पहिला आठवडा दार लावायचंच नाही. दार आहे हे विसरून जायचं.”

आता यातली रीत सांगतो, कारण वाचकांपैकी अनेकांच्या घरी हल्ली कुत्री आहेत आणि पिंजरा आणला की लगेच कुत्रे आत ढकलून दार लावायचे, अशीच बहुतेकांची समजूत असते. माझीही होती.

पहिली गोष्ट मापाची. कुत्र्याला आत मान ताठ ठेवून उभे राहता आले पाहिजे, गिरकी घेता आली पाहिजे, पाय पसरून कुशीवर झोपता आले पाहिजे. यापेक्षा लहान असेल तर तो छळ. पण पिल्लाला फार मोठाही नको. कुत्रे सहसा स्वतःच्या अंथरुणात घाण करत नाही. जागा ऐसपैस असली की एका कोपऱ्यात झोपायचे आणि दुसऱ्यात उरकून घ्यायचे, ही सोय त्याला चटकन कळते. म्हणून चांगल्या पिंजऱ्यात सरकती आडवी जाळी असते. पिल्लू वाढेल तशी ती मागे सारायची.

दुसरी गोष्ट जागेची. पिंजरा अडगळीच्या खोलीत किंवा गच्चीत ठेवायचा नाही. घरातली माणसे जिथे वावरतात तिथे, भिंतीच्या कडेला, पण उन्हात नाही. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत जाळीवर चारी बाजूंनी पांघरूण घालून कुत्रे आत ठेवणे म्हणजे त्याला भट्टीत ठेवणे. वारा खेळता हवा, पाणी हवे. आणि आत जाताना गळपट्टा काढायचा, कारण तो जाळीत अडकून फास बसू शकतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि तीच सर्वांत कंटाळवाणी. सवय. दार सुतळीने मागे बांधून टाकले. आत हिच्या जुन्या लुगड्याची घडी घातली. (‘माझं लुगडं कुत्रीला!’ हे वाक्य दोन दिवस ऐकले.) मग उंबरठ्यावर पनीरचा एक तुकडा. चिंगीने मान लांब केली, तुकडा उचलला आणि पळाली. दुसरा तुकडा वीतभर आत. तिसरा आणखी आत. ती स्वतःहून जाते आहे की नाही, एवढेच पाहायचे. ढकलायचे नाही, ओढायचे नाही, आत गेली म्हणून टाळ्याही पिटायच्या नाहीत. चौथ्या दिवसापासून तिची दूध-भाकरी आतच ठेवू लागलो. आठव्या दिवशी ती जेवत असताना दार नुसते लोटले आणि ताटली चाटून संपण्याआधी उघडले. मग पाच सेकंद. मग दहा. मग अर्धा मिनिट, मी शेजारी पेपर वाचत बसलेला. मग मी उठून स्वयंपाकघरापर्यंत जाऊन परत.

रशियाच्या पावलोव्ह यांचे नाव आपण शाळेत ऐकलेले असते. त्यांना १९०४ चे नोबेल मिळाले ते पचनसंस्थेवरील कामासाठी. पण ते लोकांच्या लक्षात राहिले ते त्यांच्या कुत्र्यांमुळे. अन्न येण्याआधी ठरावीक आवाज पुन्हा पुन्हा ऐकवला, की पुढे नुसत्या त्या आवाजानेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. पिंजऱ्याचे शास्त्र याहून फार निराळे नाही. या जागेत चांगले घडते, हे कुत्र्याच्या मनात इतके मुरवायचे की जागा दिसताच अंग सैल पडावे. पण हेच शास्त्र उलटही चालते. एकदा तिथे भीती बसली की तीही तितकीच मुरते. बंड्याच्या मनात ती एका रात्रीत मुरली होती.

रात्रीचा प्रश्न वेगळा. पिल्लाचे मूत्राशय लहान असते. ढोबळ अंदाज असा सांगतात, की पिल्लू जितक्या महिन्यांचे त्यात एक मिळवा, फार तर तेवढे तास ते कळ काढू शकते. चिंगी दोन महिन्यांची, म्हणजे तीन तास. तेव्हा बारा वाजता आणि तीन वाजता गजर लावून मी उठत असे. बँकेत असताना मार्चअखेरीस जागलो नसेन इतका त्या महिन्यात जागलो. तिला अंगणात न्यायचे, काम झाले की शाबासकी द्यायची आणि परत आत. दिवा मोठा करायचा नाही, खेळायचे नाही. मध्येच ती कुरकुरली तर? इथे डॉक्टरीणबाईंनी एक बारीक भेद शिकवला. नुसती कुरकुर असेल तर थोडे थांबायचे, कारण रडले की दार उघडते हे कळले तर ती रडायलाच शिकेल. शू लागल्यासारखी चुळबुळ असेल तर लगेच न्यायचे. आणि लाळ गळते आहे, जाळी चावते आहे, अंग थरथरते आहे, असे दिसले तर तो हट्ट नव्हे, ती भीती आहे. तेव्हा ताबडतोब बाहेर काढायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उंबरठ्यावरच्या पनीरपासून सुरुवात.

ती सुरुवात मलाही करावी लागली. पंधराव्या दिवशी घरी पाहुणे येणार होते. चिंगी दहा मिनिटांपर्यंत सरावली होती. मी विचार केला, दहा काय आणि चाळीस काय. दार लावले आणि चहा-पोह्यांत रमलो. ती आधी कुरकुरली, मग भुंकली, मग गप्प झाली. मला वाटले, शिकली. पाहुणे गेल्यावर पाहतो तर ट्रे ओला, आणि ती कोपऱ्यात तोंड खुपसून बसलेली. त्यानंतर चार दिवस ती पिंजऱ्याजवळही फिरकली नाही. पनीर दाखवले तर माझ्या तोंडाकडे पाही. त्या पाहण्याचा अर्थ मला चांगलाच ठाऊक होता. एकदा सांगितलेल्या वेळी पैसे मिळाले नाहीत, की खातेदार काउंटरवर उभा राहून असाच पाहतो.

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. सुरुवातीची दोन वर्षे एका तालुक्याच्या शाखेत रोखपाल होतो. ज्यांनी त्या काळच्या बँका पाहिल्या आहेत त्यांना आठवत असेल, रोखपाल पिंजऱ्यातच बसे. तिन्ही बाजूंना लाकूड आणि जाळी, समोर हात जाईल एवढी खिडकी. पहिल्या दिवशी मी आत बसलो, आणि पाठीमागचे दार लागल्याचा आवाज ऐकून माझ्या पोटात गोळा आला. शेजारच्या खिडकीतले हेडकॅशियर हसून म्हणाले, “घाबरू नका हो. कडी आतून आहे.” त्या एका वाक्याने तो पिंजरा माझी खोली झाला. बाहेर पगाराच्या दिवशीची झुंबड, आणि आत मी, माझा पंखा, माझा पाण्याचा तांब्या. पुढे अधिकारी झालो, मोठ्या केबिनी मिळाल्या, पण त्या जाळीच्या आत जेवढा निर्धास्त होतो तेवढा कुठेच नव्हतो.

चिंगीच्या पिंजऱ्याची कडी मात्र बाहेरून आहे. ती आतून करता येत नाही. मग तिने निर्धास्त कशाच्या जोरावर राहायचे? फक्त माझ्या शब्दाच्या. बँकेचा धंदाही शेवटी एवढ्यावरच चालतो. मागितले की पैसे मिळतात, अशी खात्री असलेला माणूस पैसे काढायला येत नाही. ज्या दिवशी ती खात्री डळमळते, त्या दिवशी दारात रांग लागते. दार उघडणारच आहे हे ज्या कुत्र्याला माहीत आहे, ते दार ओरबाडत नाही. पाहुण्यांच्या त्या दुपारी मी माझीच खिडकी वेळेआधी बंद केली होती.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. पिंजरेवाले लोक सांगतात, कुत्रा हा मुळात गुहेत राहणारा प्राणी, त्याला बंद जागा आवडतेच. हे अर्धसत्य आहे. लांडगे, कोल्हे बीळ किंवा गुहा वापरतात ती मुख्यतः पिल्ले घालण्या-वाढवण्यापुरती. एरवी ते उघड्यावरच झोपतात. शिवाय गुहेला दार नसते. तेव्हा कुत्र्याला आडोसा आवडतो एवढेच खरे. कोंडले जाणे आवडते, असे मुळीच नाही. स्वीडन आणि फिनलंडमध्ये प्रवास, आजारपण अशी कारणे सोडली तर घरातल्या कुत्र्याला पिंजऱ्यात ठेवण्यास कायद्याने मनाई आहे. तिकडची कुत्रीही शी-शू शिकतातच. म्हणजे पिंजऱ्यावाचून अडते असेही नाही.

आपल्याकडचा कायदा १९६० चा. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खासगी विधेयक आणून ज्या विषयाला तोंड फोडले, त्यातून प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणारा हा कायदा झाला. त्याचे अकरावे कलम पिंजरा आणणाऱ्या प्रत्येकाने एकदा वाचावे. हालचालीला पुरेशी उंची, लांबी, रुंदी नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणे हा त्यात गुन्हा आहे. फार आखूड किंवा फार जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे हाही गुन्हा. आणि कायम बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला फिरवून आणण्यात मालकाने हयगय करणे, हाही. या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड होता फार तर ५० रुपये. दंडाचा आकडा पाहून कायद्याची किंमत करू नये. ते कलम वाचताना मला आपल्या किती अंगणांतल्या साखळ्या दिसल्या! हिने पिंजऱ्याला नाव ठेवले, पण दारात आयुष्यभर साखळीला बांधलेले कुत्रे पाहून आपल्यापैकी कोणाला काही वाटत नाही. ते डोळ्यांच्या सवयीचे आहे.

म्हणून एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो. नवरा-बायको दोघे सकाळी नऊला बाहेर पडतात, सायंकाळी सातला येतात आणि तोवर कुत्रे पिंजऱ्यात, असा बेत कोणाच्या डोक्यात असेल तर त्याने कुत्रे आणू नये. मोठे, सरावलेले कुत्रे झाले तरी दिवसा सलग चार-पाच तासांपलीकडे आत ठेवणे बरे नव्हे, आणि तेही फिरवून, दमवून आणल्यावर. एकटेपणाने घाबरणाऱ्या कुत्र्याला पिंजरा औषध नाही. ते दात आणि नखे मोडून घेते, हे मी पाहिले आहे. आणि शिक्षा म्हणून त्यात कधीच घालायचे नाही. चप्पल कुरतडली म्हणून रागाने आत टाकले, की आठवड्यांची मेहनत एका मिनिटात वाया जाते.

२०२३ ची दिवाळी. १२ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजनाचा दिवस. संध्याकाळी पहिली लड लागली तसे चिंगीचे कान मागे गेले. बंड्या फटाक्यांना घाबरून दरवर्षी पलंगाखाली घुसायचा आणि एका वर्षी दोन दिवस बेपत्ता झाला होता. मी पिंजऱ्यावर तीन बाजूंनी जाड चादर टाकली, पंखा लावला, खिडक्या लावून घेतल्या. चिंगीला हाक मारण्यापूर्वीच ती आत जाऊन लुगड्याच्या घडीवर वेटोळे करून बसली होती. दार सताड उघडे होते. ती थरथरत होती, नाही असे नाही. पण ती कुठे पळाली नाही. हिने पूजेचे तबक ठेवले आणि लाह्या-बत्तासे वाटायचे सोडून पिंजऱ्याच्या तोंडाशी फतकल मारली. “घाबरू नको गं बाई, मी आहे हो,” असे ती आत बघून बोलत होती. पिंजरा हा शब्द तिच्या तोंडून मी त्यानंतर ऐकला नाही. ती त्याला ‘चिंगीची खोली’ म्हणते.

खरी कसोटी फेब्रुवारी २०२४ मध्ये लागली. नसबंदीची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “दहा दिवस उड्या नाहीत, काका. शांत ठेवा.” शब्द जवळपास तेच. रात्री मी तिला आत ठेवले आणि अकरा वर्षांनी पुन्हा एकदा खिट्टी लावली. माझा हात थरथरला, हे कबूल करतो. शेजारी सतरंजी अंथरून मी जागत बसलो. चिंगीने गुंगीतल्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिले, सुस्कारा टाकला, हनुवटी पंजांवर ठेवली आणि झोपली. तीनच्या सुमारास ती चुळबुळली. मी खिट्टी काढली, तिला पट्ट्याला धरून हळू अंगणात नेले. परत आल्यावर ती माझ्या आधी आत गेली आणि दाराकडे पाठ करून पडली.

मी बराच वेळ त्या पाठीकडे पाहत राहिलो. पहाटे तीनचीच ती वेळ. २०१३ च्या त्या पहाटे बंड्यासाठी दार उघडले तेव्हा मला वाटले होते, मी त्याच्यावर दया करतो आहे. दया करायची वेळ खरे तर चार वर्षे आधीची होती. तो पिल्लू होता तेव्हाची, जेव्हा दिवसाकाठी पाच मिनिटे आणि पोळीचे दोन तुकडे पुरले असते.

टाके निघाले त्या दिवशी मी दार पुन्हा सुतळीने मागे बांधले. ते अजून तसेच आहे. दुपारी मी लिहायला बसलो की चिंगी उठते, माझ्याकडे एकदा पाहते आणि तिच्या खोलीत जाऊन झोपते.